‘लव्ह’ची कुळकथा

इंग्रजीतला ‘लव्ह’ हा शब्द हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘लुफु’ असा लिहिला जाई आणि ‘लुवु’ असा उच्चारला जाई, कारण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘फ’चा तेव्हा ‘व’ होत असे. क्रियापद होते ‘लुफियन’. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या तीन शतकांत फ्रेंच शब्दांचा असा लोंढा आला, की न्यायालयापासून मुदपाकखान्यापर्यंत जुन्या शब्दांची उचलबांगडी झाली. ‘लव्ह’ मात्र जागचा हलला नाही. फ्रेंचांच्या ‘आमूर’चे काही आप्त इंग्रजीत येऊन राहिले, पण ते पाहुण्यासारखे.

या शब्दाची भावंडे युरोपभर पसरलेली आहेत. जर्मनमध्ये ‘लीबं’, डचमध्ये ‘लीफ्ड’, रशियनमध्ये ‘ल्युबोव्ह’. लॅटिनमध्ये ‘लुबेट’ किंवा ‘लिबेट’ म्हणजे ‘रुचते’, आणि त्याच घरातला ‘लिबिडो’ फ्रॉइडमुळे सर्वतोमुखी झाला. पूर्वेकडची शाखा संस्कृतात आहे, ती म्हणजे ‘लुभ्’ हा धातू. संस्कृतात जिथे ‘भ’ असतो तिथे जर्मन-इंग्रजी कुळात ‘ब’ सापडतो: भ्राता आणि ‘ब्रदर’, भ्रू आणि ‘ब्राउ’. डेन्मार्कचा रास्मुस रास्क आणि जर्मनीचा याकोब ग्रिम यांनी १९व्या शतकाच्या आरंभी अशा ध्वनिसंगतीची शिस्त लावून दिली. शब्दाच्या मध्ये आलेला हा ‘ब’ इंग्रजीत आणखी मऊ होऊन ‘व’ झाला. म्हणून जर्मन ‘हाबेन’ला इंग्रजीत ‘हॅव’, ‘लेबेन’ला ‘लिव्ह’ आणि ‘लीबं’ला ‘लव्ह’. तेव्हा लोभ आणि लव्ह हे एकाच मुळाचे फाटे आहेत, ही केवळ उच्चारसाम्यावरची कोटी नव्हे.

इथपर्यंत आल्यावर एक मोह आवरावा लागतो. ‘लव्ह’ लोभाचा सख्खा भाऊ निघाला, म्हणजे पश्चिमेचे प्रेम मुळात हावच, असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. तो चुकीचा आहे. मूळ धातूचा अर्थ ‘हवेसे वाटणे, जिव्हाळा वाटणे’ असा काहीसा मानला जातो. त्या कोऱ्या भांडवलावर प्रत्येक भाषेने आपापला व्यापार केला. पाणिनीय धातुपाठात ‘लुभ्’ दोनदा येतो, एकदा हाव धरणे या अर्थी आणि एकदा भुलणे, गोंधळून जाणे या अर्थी. गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम आणि क्रोध यांच्या जोडीने लोभ हे नरकाचे तिसरे दार ठरले आणि पुढे षड्रिपूंत त्याची जागा पक्की झाली. जर्मनमध्ये याच मुळापासून ‘लोब’ हा शब्द निघाला. त्याचा अर्थ स्तुती. एकाच मुळाने एकीकडे नरकाचे दार उघडले आणि दुसरीकडे स्तुतीचे स्तोत्र म्हटले. यात मुळाचा दोषही नाही आणि गुणही नाही.

दूर कशाला जा, मराठीनेच या शब्दाला दोन्ही अंगांनी वागवले आहे. लोभापायी घर बुडते, आणि पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा, ही विनंती’ असेही लिहिले जाते. समोरच्याची हाव आपल्यावर असावी, असे लिहिणाऱ्याला म्हणायचे नसते आणि वाचणाऱ्याला तसे कधी वाटतही नाही. लहान मुलाचे रूप लोभस असते, लोभी नसते. संस्कृतातून पाप म्हणून आलेला शब्द मराठीच्या अंगणात माया होऊन नांदू लागला आणि कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. आदिम अर्थ मराठीने जपून ठेवला असे मात्र समजण्याचे कारण नाही. लव्ह आणि लोभ वेगवेगळ्या वाटांनी फिरून पुन्हा एका वळणावर भेटले, असे म्हणणे अधिक रास्त.

इंग्रजीतल्या घरच्या मंडळींतही असेच चमत्कार आहेत. विश्वास ठेवणे या अर्थाचे ‘बिलीव्ह’ हे क्रियापद याच कुळातले. ज्याला आपले मानले त्याच्यावर विसंबणे, हा त्यामागचा विचार. परवानगी या अर्थाचा ‘लीव्ह’ही त्यातलाच, आणि कचेरीतली रजा म्हणजे त्या परवानगीचेच पुढचे रूप. सैनिकाला मिळणाऱ्या रजेचा ‘फर्लो’ हा शब्द डचांकडून आला, तोही याच गोत्रातला. खुद्द मराठी ‘रजा’ अरबीतून आली आहे. तिथे ‘रिझा’ म्हणजे संमती, प्रसन्नता; ‘राजी’ हा शब्द त्याच धातूचा. कुणी प्रसन्न झाल्याशिवाय सुट्टी मिळत नाही, हे सत्य अरब आणि इंग्रज दोघांनी स्वतंत्रपणे भाषेत नोंदवून ठेवले आहे.

या कुळातला सर्वांत हृद्य पुरावा एका दफ्तरी कागदावर आहे. विल्टशर परगण्यातल्या फाँटहिल गावच्या जमिनीवरून चाललेल्या वादासंबंधी राजा एडवर्ड द एल्डर (कारकीर्द ८९९–९२४) याला लिहिलेले एक पत्र कँटरबरीच्या संग्रहात आहे. इंग्रजीत टिकून राहिलेल्या जुन्यातल्या जुन्या पत्रांपैकी ते एक. मजकूर रोखठोक आहे. हेल्मस्टन नावाच्या इसमाने एकाचा कमरपट्टा चोरला. ती संधी साधून इतरांनी त्याच्या जमिनीवर दावे लावले. पत्र लिहिणारा त्याच्या बाजूने त्या वेळचा राजा आल्फ्रेड याच्याकडे रदबदली करायला गेला, तेव्हा राजा वॉर्डर इथल्या दालनात उभा राहून हात धूत होता. हात धुऊन होईपर्यंत थांबून त्याने निर्णय दिला. पुढे हेल्मस्टनने बैल चोरले. पळताना काटेरी झुडपाने त्याचे तोंड ओरबाडले आणि तो नाकबूल जाऊ लागला तेव्हा तेच ओरखडे पुरावा म्हणून पुढे आले. इतक्या रुक्ष, भांडणतंट्याच्या अर्जाची सुरुवात ‘लेओफ’ या शब्दाने होते. शब्दशः अर्थ ‘प्रिय’, व्यवहारातला अर्थ ‘महाराज’. ज्या मुळातून मराठी पत्राच्या तळाशी ‘लोभ’ येतो, त्याच मुळातून आलेला शब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पत्राच्या माथ्यावर बसलेला आहे.

ही सुरुवात केवळ शिष्टाचाराची होती, असे म्हणून ती बाजूला सारता येत नाही. त्या काळच्या इंग्लंडात ‘लुफु’ हे जितके मनाच्या आत घडणारे, तितकेच दोन माणसांमध्ये चारचौघांदेखत जुळणारे नाते होते. सेवक धन्यापुढे जी शपथ घेई तिचा आशय असा, की धन्याला जे प्रिय त्यावर मी प्रेम करीन आणि त्याला जे वर्ज्य ते मी टाळीन. आज हे वाचताना चमत्कारिक वाटते, कारण प्रेम ही शपथेवर करायची गोष्ट नव्हे अशी आजची समजूत आहे. त्यांच्या लेखी ती इमानाची बाब होती, आणि इमान शपथेवरच तोलले जाते.

कायद्याच्या भाषेत तर ‘प्रेम की कायदा’ अशी जोडीच रूढ होती. दहाव्या शतकाच्या अखेरीस राजा एथेलरेडने वाँटेज इथे जे कायदे केले, त्यांत तंट्यातल्या पक्षाला हे दोन पर्याय दिलेले आहेत: आपसात मिटवा किंवा निवाड्याला उभे राहा. जुन्या इंग्रजीत ‘लुफु’ आणि ‘लगु’ यांना अनुप्रास साधतो, त्यामुळे ही जोडी तोंडी बसली असावी. इथे ‘लव्ह’चा अर्थ सरळसरळ समेट. पुढे तडजोडीसाठी ठरवलेल्या दिवसाला ‘लव्हडे’ म्हणू लागले. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला भिक्षू अशा दिवशी मध्यस्थी करण्यात पटाईत आहे.

या प्रथेचा सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे २५ मार्च १४५८. यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांतला रक्तपात थांबवण्यासाठी राजा सहावा हेन्री याने लंडनमध्ये समेट घडवून आणला. १४५५ साली सेंट ऑल्बन्सच्या लढाईत मारले गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थनेची सोय यॉर्क पक्षाने स्वखर्चाने करावी, असे ठरले. मग वैऱ्यांच्या जोड्या लावून सेंट पॉल चर्चपर्यंत मिरवणूक निघाली. राणी मार्गारेट आणि ड्यूक ऑफ यॉर्क हातात हात घालून चालले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १४५९ मध्ये, ब्लोअर हीथला पुन्हा तलवारी उपसल्या गेल्या. तरीही त्या दिवसाला ढोंग म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. प्रेम ही करारासारखी, साक्षीदारांसमोर पार पाडायची क्रिया आहे, अशी ज्यांची धारणा त्यांनी ती रीतीप्रमाणे पार पाडली. ती टिकली नाही, ही गोष्ट वेगळी. ही प्रथा गेली. ‘लव्हडे’ हे आडनाव मात्र इंग्लंडात अजून आढळते.

याच मधल्या काळात शब्दाचे रूप पालटले. ‘लुफु’चा शेवटचा स्वर झिजला आणि लेखनात ‘व’साठी ‘यू’सारखेच अक्षर वापरले जाऊ लागले. त्या काळच्या बोरूच्या वळणात ‘यू’, ‘एन’, ‘एम’ ही सगळी अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी बनत. या शब्दात असे दोन ‘यू’ लागोपाठ आले, की चार रेघांची ओळ तयार होई आणि काय वाचायचे ते कळेना. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. लेखनिकांनी पहिल्या ‘यू’च्या जागी ‘ओ’ घातला. ‘सन’, ‘कम’, ‘मंक’, ‘वंडर’ या शब्दांतला ‘ओ’ही असाच आलेला. शेवटचा मुका ‘ई’ राहिला, कारण शब्द नुसत्या ‘व्ही’वर संपू द्यायचा नाही, असा इंग्रजीचा दंडक पडत गेला. शब्द ऐकू येतो एक आणि लिहिला जातो दुसरा, त्याचे कारण भावनेत नसून बोरूत आहे.

अर्थाच्या बाबतीत शेजारच्या दोन शब्दांची हकीकत इथे सांगायला हवी. ‘लाइक’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीत अगदी मराठी ‘आवडणे’सारखे चाले. ‘मे लीकाथ’ म्हणजे ‘मला आवडते’. आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. पुढे इंग्रजीत विभक्तीचे प्रत्यय गळाले, वाक्यातल्या पहिल्या जागेला कर्त्याचा मान मिळाला आणि ‘मला आवडते’चे ‘मी आवडतो’ अशा धाटणीचे रूप झाले. ‘लव्ह’ मात्र पहिल्यापासून कर्त्याची कृती होती. आवड माणसाला लागते, प्रेम माणूस करतो, असा फरक त्या व्याकरणात होता. आज वाक्यरचनेवरून तो ओळखू येत नाही.

दुसरा शब्द ‘लस्ट’. त्याचा जुना अर्थ निव्वळ आनंद, हौस. जर्मनमध्ये ‘लुस्ट’ अजून तितकाच निरुपद्रवी आहे. फिरायला जाण्याची हौससुद्धा ‘लुस्ट’च. इंग्लंडात ख्रिस्ती धर्मशास्त्रातल्या सात महापापांची नावे देशी भाषेत सांगायची वेळ आली, तेव्हा कामवासनेच्या पापाला हा शब्द चिकटला आणि त्याची अब्रू गेली. लोभाला षड्रिपूंत बसवले तोच हा प्रकार. ‘लव्ह’ या यादीतून वाचला. शब्दाचे चारित्र्य त्याला कोणत्या यादीत घातले यावर ठरते, व्युत्पत्तीवर नाही.

‘लव्ह’चीही एकदा अशी परीक्षा झाली आणि ती जिवावर बेतणारी होती. विल्यम टिंडलने नव्या कराराचे मूळ ग्रीकवरून इंग्रजी भाषांतर केले आणि १५२६ मध्ये ते जर्मनीतल्या वर्म्स शहरात छापून झाले. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून त्याच्या प्रती इंग्लंडात आणल्या जात. ग्रीक ‘अगापे’ या शब्दाला लॅटिन बायबलमध्ये ‘कारितास’ असे होते आणि त्यावरून इंग्रजीत ‘चॅरिटी’ रूढ होते. टिंडलने त्याजागी ‘लव्ह’ घातले. धर्मसंस्थेचा कैवारी सर टॉमस मोर याने १५२९ मध्ये यावर कडाडून हल्ला केला. ‘लव्ह’ कोणत्याही प्रेमाला म्हणतात, त्यात बरे-वाईट सगळेच येते. ‘चॅरिटी’ म्हणजे सद्गुणी, नीट वळण लागलेले प्रेम, असे त्याचे म्हणणे. टिंडलने १५३१ मध्ये उत्तर दिले, की बोलीत ‘चॅरिटी’चा अर्थ दानधर्म असा होऊन बसला आहे आणि ग्रीक शब्दाला हवा असलेला अर्थ त्यातून निघत नाही.

वरवर हा कोशाचा वाद दिसतो. पोटात सबंध धर्मसंस्थेचे अर्थकारण होते. ‘चॅरिटी’ म्हटले की देणग्या, मठांना नेमणुका, मृतांच्या नावे प्रार्थना हे सगळे धर्मग्रंथाच्या आधाराने उभे राहते. ‘लव्ह’ म्हटले की त्याचा हिशेब ठेवायला मधल्या माणसाची गरज उरत नाही. मोरला हे टिंडलइतकेच कळत होते. दोघेही हुशार, दोघेही आपापल्या श्रद्धेशी प्रामाणिक आणि दोघांनाही देहदंड. आठव्या हेन्रीने १५३५ मध्ये मोरचा शिरच्छेद करवला. टिंडलला १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळच्या फिल्फोर्डे इथे गळा आवळून मारले आणि जाळले.

शब्दाचा निकाल लागायला आणखी साडेतीनशे वर्षे गेली. १६११च्या राजमान्य बायबलमध्ये, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘चॅरिटी’ परत आली. देव म्हणजेच प्रेम असे सांगणाऱ्या योहानाच्या पत्रात मात्र त्याच पंडितांनी ‘लव्ह’ ठेवला. १८८१च्या सुधारित आवृत्तीत तेराव्या अध्यायातही ‘लव्ह’ आला. तोवर ‘चॅरिटी’ टिंडलने म्हटल्याप्रमाणे दानधर्मच झाली होती. मोरच्या बाजूने एक गंमत नोंदवायची राहते. त्याला सोवळा वाटणारा ‘कारितास’ ज्या ‘कारुस’ या शब्दावरून आला, तो ज्या आदिम मुळाचा मानला जातो त्याच मुळाचा संस्कृत ‘काम’ आहे आणि वेश्या या अर्थाचा एक जुना इंग्रजी शब्दही. कूळ पाहून सोवळे-ओवळे ठरवायचे, तर मोरचाच शब्द पहिल्यांदा घराबाहेर काढावा लागेल.

मराठी बायबलमध्ये त्या तेराव्या अध्यायात ‘प्रीती’ हा शब्द आहे. प्रीती, प्रेम, प्रिय या सगळ्यांच्या मुळाशी ‘प्री’ हा धातू. आणि त्याचे इंग्रजी आप्त म्हणजे ‘फ्रेंड’ आणि ‘फ्री’. ‘फ्रेंड’ म्हणजे प्रेम करणारा. ‘फ्री’ म्हणजे आधी प्रिय, आपल्या माणसांतला, आणि म्हणून गुलाम नव्हे तो. इंग्रजांचा शुक्रवारही ज्या फ्रिग देवीचा, तिचे नाव याच मुळाचे. म्हणजे इंग्रजांच्या प्रेमाचा शब्द मराठीत लोभ होऊन राहिला आणि मराठीच्या प्रेमाचा शब्द इंग्रजीत मैत्री आणि स्वातंत्र्य होऊन.

जुन्या इंग्रजीत ‘प्री’च्या वंशाचे ‘फ्रेओगन’ हे प्रेम करण्याचे क्रियापदही होते. ते मागे पडले. ‘लेओफ’चा उत्तराधिकारी ‘लीफ’ एखाद्या पुस्तकी वाक्प्रयोगापुरता उरला. एकेक करून जवळपासच्या शब्दांची कामे ‘लव्ह’कडे आली. म्हणूनच देव, आई, प्रियकर, देश आणि आइसक्रीम यांना इंग्रजीत एकच क्रियापद लागू होते, आणि म्हणूनच ही भाषा प्रेमाच्या बाबतीत दरिद्री असल्याची तक्रार वारंवार होते. सी. एस. लुइसने १९६०च्या ‘द फोर लव्ह्ज’ या पुस्तकात ग्रीकांच्या चार शब्दांचा आधार घेऊन वात्सल्य, मैत्री, प्रणय आणि ईश्वरी प्रेम असे चार भाग पाडले, ते याच अडचणीतून. पण तक्रार अर्धीच खरी आहे. टिंडलने हा शब्द निवडला तो रुंद होता म्हणूनच. नवरा-बायकोच्या आणि देव-भक्ताच्या नात्याला एकच शब्द वापरता आला, तर एकाची ऊब दुसऱ्याला मिळते. चार खणांत चार शब्द नीट घडी करून ठेवले, की ही देवघेव थांबते. मोरला जो धोका वाटला तीच या शब्दाची ताकद होती.

रुंद शब्दाचे अर्थ सरकतातही. ‘मेक लव्ह’ म्हणजे शतकानुशतके फक्त गोड बोलणे, मनधरणी करणे. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मिस्टर एल्टन घोडागाडीत एमाला हेच करतो. आजचा वाचक दचकतो, कारण शरीरसंबंधाचा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. टेनिसमधले शून्य म्हणजे ‘लव्ह’ हे फ्रेंच भाषेतल्या अंड्यावरून आले, असे हौसेने सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. पैसे न लावता खेळणे म्हणजे ‘प्रेमाखातर खेळणे’, त्यावरून ‘काहीच नाही’ हा अर्थ निघाला असावा. हिरवळीवरचे टेनिस १८७०च्या दशकात सुरू होण्याच्या कितीतरी आधी पत्त्यांच्या डावात तो रूढ होता.

उच्चाराचा शेवटचा मोठा बदल सतराव्या शतकात झाला. दक्षिण इंग्लंडात ‘लुव्ह’मधला ‘उ’ ‘अ’कडे झुकला, उत्तरेत तो झुकला नाही. यॉर्कशरमध्ये आजही शब्द ‘लुव्ह’ असाच ऐकू येतो, आणि तिथे तो संबोधनही आहे. बसचा चालक तिकीट देताना, दुकानदारीण सुटे पैसे परत करताना अनोळखी गिऱ्हाइकाला ‘लुव्ह’ म्हणते; पुरुष पुरुषालाही म्हणतो. लंडनहून आलेला माणूस कधी सुखावतो, कधी अवघडतो. म्हणणाऱ्याच्या मनात ‘बाळा’ किंवा ‘दादा’ यापेक्षा जास्त काही नसते. राजाला ‘लेओफ’ म्हणणाऱ्यांच्या वंशजांनी ती रीत बसच्या तिकिटापर्यंत आणून पोहोचवली.

मराठीत हा शब्द आला तो ‘व्ह’ घेऊन. हिंदीत त्याचे ‘लव’ होते, पण मराठीत ‘लव’ म्हणजे अंगावरचे बारीक केस, शिवाय रामाचा मुलगा; जोडाक्षरामुळे घोटाळा टळला. येताना तो आपला सगळा पसारा घेऊन आला नाही. ‘लव्ह मॅरेज’, ‘लव्ह लेटर’, ‘लव्ह स्टोरी’ या जोडशब्दांत त्याचा अर्थ एकच, तरुण-तरुणींमधले प्रेम. ‘त्यांचं लव्ह मॅरेज आहे’ या वाक्यात भावनेपेक्षा लग्न कोणी ठरवले याची माहिती जास्त असते. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही नाटकातले वाटते, म्हणून प्रत्यक्षात इंग्रजी वाक्यच म्हटले जाते. आईचे ते प्रेम किंवा माया, देवाची भक्ती, गुरूचा लोभ, शेजाऱ्याचा जिव्हाळा; यांपैकी कशाचीही जागा ‘लव्ह’ने घेतलेली नाही. अलीकडे फोन ठेवताना आई-वडिलांना ‘लव्ह यू’ म्हणणारी मुले शहरांत दिसू लागली आहेत, आणि इंग्रजीतला तो रुंद अर्थ मराठी घरांत शिरतो आहे तो या वाटेने.